तिसऱ्या खाव्यात, पण पाण्याची खबर ठेवून

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा इथे जन्मले, म्हणून गावाचं नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. गाव डोंगराच्या बाजूचं, समुद्रापासून आत. पण पेण आणि रोहे या दोन्ही तालुक्यांची पाठ डोंगराला असली तरी तोंड खाडीकडे आहे. अंबा नदी धरमतरच्या खाडीत उतरते, कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीत. ओहोटी लागली की बायका चिखलात उतरून शिवल्या, तिसऱ्या, खुबे वेचतात, खडकाला चिकटलेली कालवं फोडून काढतात. तोच माल पुढे बाजारात वाट्यांनी मांडला जातो आणि डोंगराकडच्या गावांतल्या घरांतही शिजतो.

या घरांतल्या गिऱ्हाइकाला एक गोष्ट कधीच दिसत नाही, ती म्हणजे माल ज्या पाण्यातून आला ते पाणी. पापलेटचे कल्ले उघडून बघता येतात. बोंबील हाताला लागला की ताजा की शिळा ते कळतं. शिंपल्यातल्या विषाला मात्र रंग नाही, वास नाही, चव नाही. ते शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, आंबट घालूनही जात नाही. मग खाणाऱ्याचं रक्षण करायचं कोणी, कुठे आणि कसं? स्वयंपाकघरात काय साधतं, काय साधत नाही, आणि जे साधत नाही त्यासाठी बाहेर कोणती व्यवस्था लागते, हे शिंपले आवडीने खाणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

आपल्याच देशातल्या तीन घटना

१९८१ साली तमिळनाडूत वायलूर इथे शिंपले खाल्ल्यानंतर ८५ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्यातले तिघे दगावले.

दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, पश्चिम किनाऱ्यावर तसंच घडलं. मंगळूरच्या दक्षिणेला, आजच्या कासरगोड जिल्ह्यात, कुंबळे नावाची खाडी आहे. तिथले शिंपले खाऊन माणसं आजारी पडली आणि एक मुलगा मरण पावला. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा त्या शिंपल्यांत लकवा आणणारं विष सापडलं. शिंपले मेरेट्रिक्स जातकुळीतले होते. याच जातकुळीतले शिंपले कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशीही मिळतात, म्हणून कुंबळ्याची घटना पेण-रोह्याला परकी नाही.

सर्वांत मोठी घटना सप्टेंबर १९९७ मधली. केरळच्या दक्षिण टोकाला विळिंजमच्या परिसरात कल्लुमक्काय, म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे लांबट शिंपले, खाऊन सात जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे ५०० लोक रुग्णालयात गेले. हे कोळीवाड्यांचं नेहमीचं अन्न होतं. ओळखीच्या खडकावरून काढलेलं, ओळखीच्या पद्धतीने शिजवलेलं. बदललं होतं ते फक्त पाणी.

विष येतं कुठून?

शिंपला भक्ष्याच्या मागे जात नाही. तो पाणी आत ओढतो, कल्ल्यांवरून गाळतो, त्यातले सूक्ष्म कण पोटात घेतो आणि उरलेलं पाणी बाहेर सोडतो. चांगलं वाढलेलं कालव तासाला पाच लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शेवाळं असतात. बहुतेक निरुपद्रवी असतात आणि समुद्रातली सगळी अन्नसाखळी त्यांच्यावरच उभी आहे. काही मोजक्या जाती मात्र विष तयार करतात. पाण्याचं तापमान, खारटपणा, उजेड आणि खाद्य जुळून आलं की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. शिंपला रात्रंदिवस पाणी गाळत राहतो आणि ते विष त्याच्या पोटातल्या पाचकग्रंथीत साठत जातं.

शिंपल्याला स्वतःला सहसा काही होत नाही. तो टवटवीत दिसतो, बोट लावलं की टपकन मिटतो. शिंपला जिवंत आहे म्हणजे निर्धोक आहे, हा समज इथेच फसतो.

पाण्याच्या रंगावरही विसंबता येत नाही. समुद्र लाल, तपकिरी किंवा गडद हिरवा दिसला तर सावध व्हावंच. पण लकवा आणणारं विष तयार करणारी काही शेवाळं पाण्यात इतकी विरळ असतानाही शिंपले विषारी करतात की पाण्याचा रंग जरासुद्धा बदललेला नसतो. उलट नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या आणि बघायला गर्दी झाली, ती करामत नॉक्टिल्युका या जीवाची होती. तो स्वतः हे विष तयार करत नाही. मात्र त्याचं अमाप वाढणं हे पाणी बदलत असल्याचं लक्षण आहे. मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात दाखवून दिलं की अरबी समुद्रात प्राणवायू कमी असलेलं पाणी वर येतं तसतशी हिवाळ्यातल्या जुन्या शेवाळांची जागा नॉक्टिल्युका घेतो आहे. समुद्र बदलत असताना ‘आजवर कधी झालं नाही’ एवढ्या भरवशावर राहणं धोक्याचं आहे.

विषाचे प्रकार आणि त्यांची लक्षणं

सर्वांत घातक गट सॅक्सिटॉक्सिनचा. हे विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंद करतं, त्यामुळे मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा दोनेक तासांत ओठ, जीभ आणि चेहऱ्याला मुंग्या येतात. मग बोटं बधिर होतात, बोलणं अडखळतं, तोल जातो. विषाची मात्रा जास्त असेल तर श्वासाचे स्नायू थकतात. या विषावर उतारा नाही, पण उपचार आहे. रोग्याचा श्वास यंत्राने चालू ठेवला तर शरीर विष बाहेर टाकतं आणि बारा ते चोवीस तासांचा कठीण काळ ओलांडलेला माणूस सहसा पूर्ण बरा होतो. म्हणून पहिल्या मुंग्या आल्या की घरी थांबण्यात वेळ घालवायचा नाही.

दुसरा गट ओकाडाइक आम्लाचा. यात जुलाब, उलट्या, पोटात कळा येतात आणि तीनेक दिवसांत माणूस बरा होतो. हा प्रकार बहुधा नोंदलाच जात नाही, कारण ‘कालवण जड गेलं’ म्हणून घरातच विषय मिटतो.

तिसरं विष डोमोइक आम्ल. १९८७ च्या अखेरीस कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले आणि तिघांचा मृत्यू झाला. वाचलेल्यांपैकी काहींची नवी गोष्ट लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली. तोवर शिंपल्यांतून असं विष येतं हे कोणाला ठाऊकच नव्हतं. कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी अवघ्या काही दिवसांत विष ओळखलं आणि त्यानंतर त्याची तपासणी जगभर सुरू झाली.

कोळंबी आणि माशांच्या मांसात ही विषं सहसा साठत नाहीत. खेकडे विषारी शिंपले खातात तेव्हा त्यांच्या पोटातल्या भागात विष जमू शकतं, म्हणून शंकेच्या काळात चिंबोरीच्या पोटातला भाग काढून टाकलेला बरा.

चुलीवर काय मरतं, काय मरत नाही

शिंपल्यांतून दोन वेगळ्या तऱ्हेचे धोके येतात आणि त्यांची गल्लत केली की खबरदारी चुकीच्या जागी घेतली जाते.

पहिला धोका जंतूंचा. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात वाढलेल्या शिंपल्यांत विषमज्वराचे जंतू, काविळीचे विषाणू, जुलाबाचे जंतू असू शकतात. १९८८ च्या सुरुवातीला चीनमधल्या शांघाय शहरात अर्धवट उकडलेले शिंपले खाऊन सुमारे तीन लाख लोकांना ‘अ’ प्रकारची कावीळ झाली. तिथे शिंपले उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून खाण्याची पद्धत होती. हा धोका चुलीवर टळतो. शिंपलीचं तोंड उघडलं म्हणजे आतलं मांस शिजलं असं नव्हे. तोंड उघडल्यानंतरही तीन ते पाच मिनिटं खळखळून उकळू द्यावं. मांसाच्या गाभ्याचं तापमान ९० अंश सेल्सिअसवर दीड मिनिट राहिलं की काविळीचा विषाणू मरतो, असा युरोपातल्या प्रक्रिया केंद्रांचा दंडक आहे. जाळावर भाजलेली कालवं चवीला सुरेख लागतात, पण बाहेरचं कवच करपलेलं आणि आतलं मांस कच्चं असं अनेकदा होतं. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी अशी अर्धकच्ची कालवं टाळावीत.

दुसरा धोका शेवाळाच्या विषाचा, आणि इथे चूल हरते. सॅक्सिटॉक्सिन घरगुती उष्णतेने नष्ट होत नाही. कोकम, चिंच, लिंबू यांच्या आंबटपणात ते उलट टिकून राहतं. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे उकडताना काही भाग रश्शात उतरतो. तिसऱ्यांचं उकडलेलं पाणी कालवणात घालण्याची आपली रीत चवीसाठी उत्तमच, पण माल विषारी असेल तर त्या पाण्यातही विष असतं. वाळू सुटावी म्हणून शिंपल्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या तर वाळू सुटते, विष सुटत नाही. शिंपल्यांना स्वच्छ समुद्रात विष बाहेर टाकायला आठवडे लागतात आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका जातीत ते दोन वर्षांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण निळा होतो का, असल्या घरगुती परीक्षांना काही अर्थ नाही.

जंतूंचा बंदोबस्त स्वयंपाकघरात होतो. विषाचा बंदोबस्त शिंपला पाण्यातून बाहेर काढण्याआधीच व्हावा लागतो.

जगाने काय व्यवस्था बसवली?

१९२७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात शिंपले खाऊन १०२ लोक आजारी पडले, सहा मरण पावले. तिथल्या हरमन सोमर आणि कार्ल मेयर या संशोधकांनी किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचा आणि पाण्यातल्या शेवाळाचा संबंध शोधून काढला आणि १९३७ मध्ये विष मोजण्याची पद्धत बसवली. शिंपल्यांचा अर्क काढायचा, त्यातला एक मिलिलिटर वीस ग्रॅम वजनाच्या पांढऱ्या उंदराच्या पोटात टोचायचा आणि घड्याळ लावायचं. पंधरा मिनिटांत उंदीर मारणारी मात्रा म्हणजे विषाचं एक एकक. कित्येक दशकं जगभरच्या मासळीची सुरक्षितता या परीक्षेवर उभी होती. आता युरोपात उंदरांची जागा रासायनिक यंत्रांनी घेतली आहे.

कॅलिफोर्नियाने त्याच काळात आणखी एक साधा नियम केला, तो आजही चालू आहे. दरवर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर या काळात किनाऱ्यावरचे जंगली शिंपले हौसेने वेचून खाण्याला बंदी. बंदीची माहिती किनाऱ्यावर पाट्या लावून दिली जाते.

युरोपीय संघाची पद्धत अधिक काटेकोर आहे. आधी शिंपल्यांच्या मांसातल्या ई. कोलाय जंतूंच्या संख्येवरून खाडीची वर्गवारी होते. शंभर ग्रॅम मांसात २३० पर्यंत जंतू असलेल्या ‘अ’ वर्गाच्या पाण्यातला माल थेट विकता येतो. ‘ब’ आणि ‘क’ वर्गातला माल आधी शुद्ध करावा लागतो किंवा ठरलेल्या पद्धतीने शिजवावा लागतो. शिवाय वेचणी चालू असेल तेव्हा विषाची तपासणी साधारणपणे दर आठवड्याला होते. मर्यादा ओलांडली की खाडी बंद, आणि पुन्हा नमुने ठीक आल्याशिवाय उघडत नाही.

अमेरिकेत १९२४-२५ च्या हिवाळ्यात कालवांमुळे विषमज्वराची साथ आली. सुमारे दीड हजार लोक आजारी पडले, दीडशे दगावले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत प्रत्येक गोणीला चिठ्ठी लागते. माल कोणत्या पाण्यातला, कोणी काढला, कधी काढला हे त्यावर लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी विकणाऱ्याने ९० दिवस जपायची असते. कोणी आजारी पडलं तर चिठ्ठीवरून माग थेट त्या खाडीपर्यंत काढता येतो आणि उरलेल्यांचा जीव वाचतो.

आपला कायदा कुठपर्यंत पोहोचतो?

भारतात मर्यादा ठरलेल्या आहेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांत, पुढच्या दुरुस्त्यांसह, शिंपल्यांतल्या विषांचे आकडे दिले आहेत. लकवा आणणारं विष शंभर ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. जुलाब आणणारं विष किलोला १६० मायक्रोग्रॅमच्या आत हवं. डोमोइक आम्ल किलोला २० मिलिग्रॅमच्या आत हवं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांतही हेच आकडे आहेत, त्यामुळे मर्यादांमध्ये आपला देश मागे नाही.

खाच आहे ती अंमलाच्या जागी. याच कायद्याच्या कलम १८ नुसार शेतकरी आणि मच्छीमार यांना त्यांच्या स्वतःच्या कामापुरता हा कायदा लागू नाही. यामागचा हेतू रास्त आहे. चिखलात उतरणाऱ्या बाईच्या मागे परवाने आणि दंड लावू नयेत. पण त्याचा अर्थ असा की अन्नाचा कायदा सुरू होतो तो माल तिच्या हातून पुढे गेल्यावर, आणि विष तर त्याच्या आधीच शिंपल्यात गेलेलं असतं. म्हणून इथे अन्न निरीक्षकापेक्षा पाण्याचा नमुना घेणारा हात महत्त्वाचा आहे.

पाण्यासाठीही मानक आहे, आणि ते पेण-रोह्याच्या लोकांनी आवर्जून लक्षात ठेवावं. पर्यावरण संरक्षण नियमांत किनाऱ्यालगतच्या पाण्याचे पाच वर्ग केले आहेत. शिंपले वेचण्याचं पाणी मिठागरं आणि मत्स्यशेती यांच्यासोबत सर्वांत वरच्या वर्गात, एसडब्ल्यू-१ मध्ये ठेवलेलं आहे. या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान पाच मिलिग्रॅम असावा, सामू (पीएच) ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा, रंग किंवा वास जाणवू नये, जड धातू ठरलेल्या मर्यादेत असावेत. आंघोळीच्या पाण्याचा वर्ग त्याच्या खालचा आहे. म्हणजे ज्या खाडीतून लोक शिंपले खातात तिचं पाणी पोहण्याच्या पाण्यापेक्षा चांगलं हवं, असं देशाचाच नियम सांगतो. पाताळगंगा, नागोठणे, धाटाव अशा औद्योगिक पट्ट्यांच्या खालच्या अंगाला असलेल्या खाड्यांच्या बाबतीत हा नियम फार मोलाचा आहे.

दूरवरून नजर ठेवण्याचीही सोय आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांच्या मदतीने शेवाळाच्या बहरांची माहिती देते आणि तिच्या लक्ष्यक्षेत्रांत ईशान्य अरबी समुद्र आहे. मात्र उपग्रह पाण्याचा रंग पाहतो. शेवाळ विषारी आहे की नाही हे त्याला कळत नाही, आणि अरुंद, गढूळ खाडीत तर त्याची नजर पोहोचतच नाही. तिथे बाटलीत नमुना भरून आणणाऱ्या माणसाला पर्याय नाही.

हे जमण्यासारखं आहे का? केरळमधल्या अष्टमुडी खाडीकडे पाहावं. तिथल्या तिसऱ्यांना नोव्हेंबर २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातल्या मासेमारीला मिळालेलं पहिलंच. ते प्रमाणपत्र साठा टिकवून वेचणी केल्याचं आहे, विषमुक्तीचं नाही. पण त्यासाठी वेचणारे, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि सरकारी विभाग एका परिषदेत बसले, वेचणीचा बंद काळ ठरला, जाळ्याच्या आसाचं माप ठरलं आणि ते पाळलं गेलं. वेचणारे हात अशा शिस्तीत येऊ शकतात हे तिथे दिसलं. सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी शिंपले आणि कालवांची शेती सुरू केली आहे. शेतीचा माल वाढेल तशी पाण्याच्या नियमित तपासणीची गरजही वाढणार.

बाजारात उभं राहिल्यावर

पाटीसमोर बसल्यावर पहिला प्रश्न भावाचा न विचारता जागेचा विचारावा. ‘मावशी, कुठल्या खाडीतल्या?’ जी बाई स्वतः वेचते ती जागा, वेळ, भरती-ओहोटी सगळं सांगते. दलालाकडून आलेल्या मालाचं उत्तर मोघम येतं. ज्या मालाचं पाणी सांगता येत नाही तो घेऊ नये. खाडीच्या मुखाकडचा, मोकळ्या पाण्यातला माल पसंत करावा. शहराच्या नाल्याजवळ, जेटीच्या खाली, कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी वेचलेला टाळावा.

मग माल पाहावा. कवच घट्ट मिटलेलं असावं. थोडं उघडं असेल तर बोटाने टिचकी मारावी. जिवंत शिंपली हळूहळू मिटते, मेलेली तशीच राहते. फुटक्या कवचाच्या आणि आंबूस वासाच्या बाजूला काढाव्यात. शिजवल्यावर ज्यांचं तोंड उघडत नाही त्या फेकून द्याव्यात. ही परीक्षा ताजेपणाची आहे, विषाची नाही, हे ध्यानात ठेवून ती करावी.

काळाचं भान ठेवावं. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि ताजं म्हावरं कमी झालं की खाडीतल्या शिंपल्यांना मागणी येते. पण पहिल्या मोठ्या पावसात गावांची गटारं, शेतातली खतं आणि रस्त्यांवरची घाण हे सगळं खाडीत उतरतं. अतिवृष्टी किंवा पुरानंतर काही दिवस शिंपले घेऊ नयेत. पाऊस ओसरल्यावर लगेच निर्धास्तही होऊ नये, कारण विळिंजमची घटना सप्टेंबरची होती. पाण्याचा रंग बदलल्याची, मासे मरून किनाऱ्याला लागल्याची किंवा तेलगळतीची बातमी आली तर शिंपले पूर्ण बंद करावेत. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली तेव्हा तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आलं होतं. अशा वेळी मासा पोहून दूर जातो, कालव खडक सोडत नाही.

नवीन ठिकाणचा माल असेल तर पहिल्यांदा सगळ्या घराने ताटभर खाऊ नये. विषाचा परिणाम मात्रेवर आणि वजनावर ठरतो, म्हणून सर्वांत मोठा धोका लहान मुलांना असतो. एकशिपी असो की सुकं, मुलांच्या ताटात थोडंच वाढावं.

ओठांना मुंग्या आल्या तर

जेवण तिथेच थांबवावं, बाकीच्यांनाही थांबवावं. १०८ ला फोन करावा आणि पलीकडच्याला स्पष्ट सांगावं, ‘शिंपले खाल्ल्यावर मुंग्या येतायत, श्वासाचा त्रास होऊ शकतो.’ म्हणजे प्राणवायूची आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयाकडे नेता येतं. गावातल्या दुचाकीवरून नेण्याचा आततायीपणा टाळावा, कारण वाटेत तोल जाऊ शकतो. रोग्याला एकटं सोडू नये, घरगुती काढे पाजू नयेत, बधिर घशातून पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास थांबला तर रुग्णवाहिका येईपर्यंत तोंडाने श्वास देत राहावं. या आजारात रोगी हलू-बोलू शकत नसला तरी शुद्धीवर असू शकतो, म्हणून त्याला धीर देत राहावं.

उरलेलं कालवण फेकू नये. झाकणाच्या डब्यात घालून, वर तारीख लिहून, फ्रिजमध्ये वेगळं ठेवावं. शिजवलेल्या मालाची टरफलंही ठेवावीत, त्यावरून जात ओळखता येते. माल कोणाकडून, कुठल्या खाडीतला, किती वाजता खाल्ला, पहिलं लक्षण किती वाजता दिसलं, एवढं कागदावर टिपून डॉक्टरांच्या हातात द्यावं. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३५ मध्ये अन्नविषबाधेची खबर डॉक्टरांकडून घेण्याची तरतूद आहे, त्यामुळे नोंद करण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करावी. त्याच पाण्यातला माल त्याच सकाळी आणखी वीस घरांत गेलेला असू शकतो.

गावाने काय मागावं?

एकेका ग्राहकालाही अधिकार आहे. कलम ४० नुसार खरेदीदार ठरलेली फी भरून अन्नाचा नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. नमुना मर्यादेबाहेर निघाला तर फी परत मिळते. पण वाट्यावाट्याची तपासणी एकेका घराने करणं परवडणारं नाही. हे काम समूहाचं आहे आणि त्यात वेचणाऱ्या बायका पहिल्या रांगेत हव्यात. खाडी बंद करण्याची वेळ आली तर त्यांची मजुरी बुडते, म्हणून बंदीच्या काळातल्या भरपाईची मागणी तपासणीच्या मागणीसोबतच जायला हवी. तसं झालं नाही तर पहिला विषारी नमुना लपवण्याकडेच कल होईल.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत चार गोष्टींचा ठराव करता येईल. धरमतर आणि कुंडलिकेच्या खाड्यांतल्या वेचणीच्या जागांची नावनिशीवार यादी करावी. त्या जागांवर शिंपल्यांच्या मांसाचे आणि पाण्याचे नमुने ठरावीक अंतराने घेऊन विष, ई. कोलाय, शिसं आणि कॅडमियम तपासावं. निकाल मराठीत, पेण आणि रोह्याच्या मासळी बाजारात फळ्यावर लावावा. आणि प्रत्येक पाटीवर खाडीचं नाव व वेचल्याची तारीख लिहिलेला साधा पुठ्ठा असावा. ठरावाची एक प्रत मत्स्यव्यवसाय विभागाच्या अलिबाग कार्यालयाला, दुसरी अन्न व औषध प्रशासनाला, तिसरी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवावी. वाशीला केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेचं संशोधन केंद्र आहे आणि वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. नमुने कसे घ्यावेत, बर्फात कसे पाठवावेत, याचं प्रशिक्षण बचत गटांतल्या दोन-तीन जणींना द्यावं, अशी विनंती या दोन्ही संस्थांना त्याच ठरावात करावी. पुठ्ठ्याला आणि फळ्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. तेवढी सुरुवात बाजार समिती आणि मासळी विकणाऱ्या बायका आपल्या आपण करू शकतात.